खाट नंबर तीन

बावीस वर्षं मी जन्मनोंदणीच्या खिडकीमागे बसतो आहे आणि या बावीस वर्षांत माझ्या हातून एकही खोटी नोंद झालेली नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढची हकिकत ऐकून लोकांचा माझ्याविषयी गैरसमज होण्याचा संभव आहे. आमच्या इमारतीत तो झालेलाच आहे. खालचा वॉचमन हल्ली मला पाहिलं की सलाम करायच्या आधी 'साहेब, आज किती?' असं विचारतो.

या सगळ्याच्या मुळाशी आईची बॅग आहे. आई चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आली, त्याला सहा महिने होऊन गेले होते. स्वतःच्या घरी ती एकटी राहायची. न्हाणीघरात पाय घसरून पडली, डॉक्टरांनी यापुढे एकटं राहायचं नाही असं बजावलं, आणि मी तिला घेऊन आलो. पण तिने बॅग काही रिकामी केली नाही. रोज सकाळी पलंगाखालून बॅग ओढायची, कपड्यांचा एक जोड काढायचा, धुतलेला जोड घडी करून आत ठेवायचा आणि बॅग परत पलंगाखाली ढकलायची. माझ्या बायकोने तिच्यासाठी कपाटाचा खालचा कप्पा मोकळा करून त्यात नवा कागद अंथरला होता. तो कागद सहा महिन्यांत चुरगळलासुद्धा नाही.

विषय काढला की आई म्हणायची, मी काय, उद्या-परवा निघेनच. तिचंही खोटं नव्हतं. पस्तीस वर्षं ती प्रसूती विभागात सिस्टर होती, त्यातली शेवटची बारा हेड सिस्टर. तिच्या नुसत्या चपलेच्या आवाजाने डॉक्टर मंडळी ताठ उभी राहायची, असं ती सांगते आणि मला ते खरं वाटतं, कारण मी अजून राहतो. अशा बाईला आम्ही आणून कोचावर बसवलं होतं. "तुम्ही दोघं नऊला जाता, सहाला येता," ती एकदा म्हणाली. "मधे मी भिंत बघते. भिंत मला माझ्या घरीही आहे."

मी तत्पर माणूस आहे. भिंत बघायला लागते ना, मग भिंतीपुढे काहीतरी ठेवू, असा विचार करून मी त्याच आठवड्यात माशांच्या दुकानात गेलो.

दुकानदार कोपरापर्यंत ओल्या बाह्यांचा, कमी बोलणारा माणूस होता. नवीन माणसाने मोली न्यावी, असं त्याचं मत पडलं. मोली काटक असते, सहसा दगावत नाही, आणि घर भरून टाकते. घर भरून टाकते म्हणजे काय, असं मी विचारल्यावर तो म्हणाला की हे मासे अंड्यांच्या भानगडीत पडत नाहीत, थेट पिल्लं घालतात. मी दिवसभर जन्माचेच कागद बघतो. घरी येऊन पुन्हा तेच नको होतं. मी म्हणालो, मग चार द्या आणि चारही माद्या द्या. त्याने विचारलं, चारही? मी म्हणालो, चारही. तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. त्या बघण्यात आदर होता, असं मला तेव्हा वाटलं.

टाकी जिन्याने वर नेताना पहिल्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी दार उघडून पाहिलं. त्यांचं घर बरोबर आमच्या खाली. इतकं पाणी त्यांच्या डोक्यावर राहणार, या कल्पनेने त्यांनी तिथल्या तिथे आम्हाला पाच सल्ले दिले, त्यातला पाचवा टाकी परत नेण्याचा होता. त्याच संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी आले. हे गृहस्थ वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. खिशात स्वतःची स्टीलची टेप बाळगतात. त्यांनी टाकी मापली, गुणाकार केला, पाण्याचं वजन पंचावन्न किलो काढलं, मग माझं वजन विचारलं, कारण मी टाकीजवळ उभा राहणार. मी सांगितलेला आकडा त्यांनी माझ्याकडे बघत चार किलो वाढवून लिहिला.

मग त्यांनी प्राणी पाळण्याचा फॉर्म पुढे केला. तो कुत्र्यांसाठी केलेला होता, पण दुसरा नव्हता. मी फॉर्मचा माणूस, एकही रकाना मोकळा सोडला नाही. 'भुंकतो का?' पुढे 'नाहीत' लिहिलं. 'फिरायला नेण्याची वेळ' पुढे 'स्वतःच फिरतात' लिहिलं. संख्या: चार. लिंग: मादी. 'संख्या वाढण्याची शक्यता' पुढे 'अजिबात नाही, कारण सर्व माद्या' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आणि सही ठोकली. त्या रेघा नसत्या मारल्या तरी चाललं असतं.

आईने पहिल्या दिवशी टाकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला करमणूक नको, काम दे, एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन जाता जाता थांबली, चष्मा लावला, वाकली. बराच वेळ वाकलेली होती. मग सरळ होऊन म्हणाली, "यातल्या दोघींचे दिवस भरत आलेत."

मी हसलो. समजावून सांगितलं की चारही माद्या आहेत, टाकीत नर नाही, फॉर्मवर तसं लिहून दिलेलं आहे, तेव्हा हे शक्यच नाही.

"अरे, तू कागद बघून सांगतोस," आई म्हणाली. "मी पोट बघून सांगतेय."

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो, तेवढ्यात केशरी मासोळीच्या पोटाखालून एक काळा ठिपका खाली पडला. वाळूवर क्षणभर थांबला आणि तुरुतुरु पळाला. त्याला दोन डोळे होते. मी तोंड उघडायच्या आत पांढरी मासोळी आली आणि तिने तो गिळला. आईच्या हातातला कप खळकन् टेबलावर आला. ती म्हणाली, माझ्या वॉर्डात असं कधी झालं नाही, आणि बाह्या वर करून उठली.

पुढच्या दहा मिनिटांत जे घडलं ते मी एका कोपऱ्यात उभा राहून पाहिलं, कारण मला तिथे उभं राहायला सांगण्यात आलं होतं. फळांची प्लास्टिकची जाळीदार टोपली रिकामी झाली आणि टाकीत तरंगू लागली. बाळंतीण टोपलीत, पिल्लं जाळीतून खाली. खाली बाकीच्या तिघी आ वासून बसलेल्या, म्हणून त्यांची रवानगी बायकोच्या काचेच्या मोठ्या वाडग्यात. मी दुकानदाराला फोन लावून जाब विचारला. तो म्हणाला, त्यात काय, एकदा नराची गाठ पडली की मादी सहा महिने पिल्लं घालत राहते, पुन्हा नर लागत नाही; आणि दुकानात तर सगळे एकाच टाकीत असतात. हे आधी का सांगितलं नाहीत, असं विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही माद्या मागितल्या, मी माद्या दिल्या."

बायको ग्रंथालयात काम करते. तिने माशांवरचं पुस्तक आधीच आणून ठेवलं होतं. तिने ते उघडून सांगितलं की हे सगळं सत्तेचाळिसाव्या पानावर आहे. मी सेहेचाळीसपर्यंत पोचलो होतो.

चार दिवसांनी एक काळी मोकळी झाली. मासोळ्यांना आईने नावं ठेवली नाहीत. वॉर्डाच्या पद्धतीने खाटांचे नंबर दिले. केशरी खाट नंबर एक, दोन्ही काळ्या दोन आणि चार, पांढरी खाट नंबर तीन, जिच्यावर आईचा पहिल्या गुन्ह्यापासून डोळा होता. एका वहीत तारीख, वेळ, खाट, संख्या असं सगळं उतरू लागलं. खाट एकची एकतीस, खाट चारची अडतीस, त्यातली सहा दगावली, राहिली त्रेसष्ट. या वहीवरून आमचे खटके उडाले. माझं म्हणणं, नोंद माझं काम आहे, ती तीन प्रतींत व्हायला हवी. आईचं म्हणणं, आम्ही वॉर्डातून पाठवलेल्या चिठ्ठ्या तुमच्यासारख्यांच्या टेबलावर आठ-आठ दिवस पडून असायच्या, ते आधी सुधार. ऑफिसात मी ही हकिकत मोठ्या विश्वासाने हेडक्लार्कना सांगितली. त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "पित्याचं नाव?" तेव्हापासून आमच्या विभागात मला पाहून लोक फायलीत तोंड खुपसतात.

घर मात्र बदललं. पिल्लं बरण्यांतून वाढत होती आणि बरण्या जिथे उजेड असेल तिथे होत्या. नळाचं पाणी एक दिवस शिळं केल्याशिवाय माशांना चालत नाही, म्हणून न्हाणीघरात बादल्यांची रांग लागली. मी त्यांच्यामधल्या फटीत उभा राहून अंघोळ करू लागलो. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक आई चिमटीने कुस्करून दिवसातून पाचदा पिल्लांना घालायची. पांढरा भाग मला. बाहेरच्यांना भेटीची वेळ चार ते सहा, बाळंतिणीजवळ बोलायचं नाही, काचेवर टिचकी मारायची नाही. सहाला घरी आलो की ती दारातच दिवसभराचा अहवाल द्यायची. तिने भिंतीचं नाव काढलं नाही. उद्या-परवा निघेन, हे वाक्यही तीन आठवड्यांत तिच्या तोंडून आलं नव्हतं, आणि मी व बायको एकमेकांना ते बोलून दाखवत नव्हतो, उगाच दृष्ट लागायला नको म्हणून. बॅग मात्र अजून पलंगाखालीच होती. मी रोज वाकून बघायचो.

अशा सुखाच्या वेळी मी टाकीचं पाणी बदलायला घेतलं. नळीचं एक टोक टाकीत, दुसऱ्या टोकातून तोंडाने ओढायचं आणि पाणी यायला लागलं की टोक बादलीत सोडायचं, असं पुस्तकात आहे. मी ओढलं. पाणी आलं, ते थेट घशात गेलं. मी खोकत गॅलरीत धावलो आणि नळीही माझ्याबरोबर आली. खाली शिकवणीच्या बाई त्यांच्या गॅलरीत परीक्षेचे पेपर तपासत बसल्या होत्या. तासाभराने बायकोने सांगितलं की नळी आधी बादलीला बांधावी, असं पुढच्या पानावर आहे.

बाईंनी ओल्या उत्तरपत्रिकांसकट तक्रार केली. शिवाय वॉचमनने जिन्यात आमच्याकडे त्रेसष्ट पिल्लं असल्याची बातमीही पसरवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींची नोटीस आली: येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दहा वाजता तपासणी. फॉर्मवरची संख्या आणि प्रत्यक्षातली संख्या जुळली नाही तर परवानगी रद्द, टाकी त्याच दिवशी बाहेर.

मी हातपाय गाळले. पिल्लं इतकी लहान की दुकानदारही अजून घेईना. महिना-दीड महिन्याची झाल्यावर आणा म्हणाला. मी ठरवलं की जाऊन खरं सांगायचं. तसं आईला म्हणालो. तिने बलक कुस्करत असलेला हात थांबवला.

"सांग," ती म्हणाली. "टाकी गेली की मग मीही निघते. बॅग भरलेलीच आहे."

ती रागाने म्हणाली असती तर मी वाद घातला असता. ती अगदी साधेपणाने म्हणाली. मी खाली गेलो नाही. बावीस वर्षांचं माझं नाव एका पारड्यात आणि आई दुसऱ्या पारड्यात, असं झालं, आणि मला कळलं की मला निवडायलाही वेळ लागला नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी उठून बघतो तर पिल्लांच्या बरण्या गायब. आई कोचावर हात बांधून बसलेली. मी खुणेनेच विचारलं, तिने खुणेनेच पलंगाकडे बोट केलं. वाकून पाहिलं. बॅग आडवी होती, आत ओळीने सात बुटक्या बरण्या, झाकणांना भोकं, वर बॅगेचं झाकण हवेपुरतं उघडं. बेल वाजली, तेव्हा मी घाबरून बॅग पायाने अजून आत सरकवली. मग दार उघडायच्या आधी पुन्हा एकदा सरकवली.

सेक्रेटरी बहिर्गोल भिंग घेऊन आले होते. शिकवणीच्या बाई साक्षीदार म्हणून दारात, हातात पुराव्याच्या उत्तरपत्रिका. सेक्रेटरींनी टाकी चारी बाजूंनी पाहिली, वनस्पती बाजूला करून पाहिली, एक, दोन, तीन, चार मोजलं. वॉचमनला नावं ठेवली. फॉर्म काढला, 'तपासणीअंती संख्या' पुढे ४ लिहिलं आणि सहीसाठी टाकीवर टेकले. त्याच वेळी खाट नंबर तीनने एक पिल्लू टाकलं.

"पाच," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी ४ खोडलं, ५ केलं. दुसरं पडलं. त्यांनी ५ खोडलं. मग त्यांचा आवाज चढला, हा काय प्रकार आहे, माझ्यादेखत...

"हळू बोला," आई म्हणाली. "कळा सुरू आहेत."

त्यांनी पेन खिशाला लावलं. आईने टोपली उचलली, पांढरीला अलगद आत घेतलं आणि मान न वळवता मागे हात करून म्हणाली, टॉर्च. मी धावलो, पण माझ्या हाताला कंप आहे असा निष्कर्ष काढून तिने टॉर्च माझ्याकडून काढून सेक्रेटरींना दिला. सरळ धरा, डोळ्यांवर नको, पोटाखाली. सेक्रेटरींनी धरला. आजी, किती वेळ लागेल, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, आजी तुमच्या नातवाची. इथे मी कामावर आहे. सेक्रेटरी बाकी काही असले तरी नोकरी केलेला माणूस आहे. पुढचा प्रश्न त्यांनी 'सिस्टर' म्हणून विचारला.

आईचा चेहरा मी बाजूने पाहिला. तिची पाठ ताठ झाली होती.

तास गेला. सेक्रेटरी एका हातात टॉर्च धरून कुजबुजत मोजत होते, अकरा, सिस्टर, बारा. शिकवणीच्या बाई दारातून कोचावर आणि कोचावरून टाकीपर्यंत आल्या होत्या आणि दर पिल्लामागे उत्तरपत्रिकांच्या पाठीवर एक उभी रेघ मारत होत्या. सगळे इतके रमले होते की मला वाटलं निभावलं. तेवढ्यात बायकोने माझा हात दाबला. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावरून पाण्याची एक बारीक धार बाहेर येत होती. मी पायाने सरकवताना एक बरणी कलली होती.

वजनमापे खात्याच्या माणसाला गळती दिसत नाही असं होत नाही. सेक्रेटरींनी टॉर्च टेबलावर ठेवला, धारेमागोमाग आत गेले, वाकले आणि बॅग बाहेर ओढली. आम्ही सगळे तिच्याभोवती उभे राहिलो. सात बरण्यांतून त्रेसष्ट जण वर बघत होते. कललेल्या बरणीतही बोटभर पाणी उरलं होतं, देवाची कृपा. आईने तेवढ्यात ती सरळ करून घेतली.

"तुम्ही जन्मनोंदणीत आहात ना?" सेक्रेटरींनी मला विचारलं.

इतकं वाईट मला कोणी कधी बोललं नव्हतं. मी म्हणालो, हो. आणि म्हणूनच मला एक माहीत आहे, आमच्याकडे विलंबित नोंदीची सोय असते: अर्ज, कारण, सही. तुमच्या फॉर्ममध्येही पिल्लं झाल्यास सात दिवसांत कळवावं असं आहे, उशीर झाल्यास काय ते लिहिलेलं नाही.

त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. लिहिलेलं नव्हतं. "लिहा," ते म्हणाले आणि पेन दिलं.

मी फॉर्मच्या पाठीवर लिहू लागलो. जन्मलेल्यांची संख्या: त्रेसष्ट. माता: खाट नंबर एक आणि खाट नंबर चार. पिता: अज्ञात. विलंबाचे कारण, आणि इथे माझा हात थांबला. या ओळीपुढे अडखळलेले शेकडो लोक मी खिडकीतून पाहिले आहेत. कितीतरी अर्ज मी 'कारण सविस्तर लिहा' असा शेरा मारून परत पाठवले आहेत. मी सविस्तर लिहिलं: 'टाकी गेली असती तर माझी आई निघून गेली असती. ती आमच्याकडे राहावी अशी माझी व माझ्या पत्नीची इच्छा आहे. आकडा चार नाही हे मला माहीत होते.' खाली सही केली. रेघा मारल्या नाहीत.

आई माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

सेक्रेटरींनी कागद घेतला, वाचला, शिकवणीच्या बाईंना दिला, बाईंनी वाचला आणि सवयीने एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. मग सेक्रेटरींनी त्यावर शेरा लिहिला: 'कारण समाधानकारक.' संख्येच्या रकान्यात त्यांनी सगळे खोडलेले आकडे पुन्हा एकदा खोडून 'बदलती' असं लिहिलं.

"अक्षर सुधार जरा," आई मला म्हणाली. "आणि ही बॅग भिजून गेलीये. अस्तर कुजेल. फेकून दे."

"अगं, पण तुझे कपडे?"

"सकाळीच कपाटात लावलेत. एका कप्प्यात बसत नाहीत, आणखी एक लागेल. तुझे शर्ट काढ तिथून."

मी बॅगेतून बरण्या काढायला वाकलो. मला नीट दिसत नव्हतं, त्यामुळे त्या सात बरण्या काढायला मला बराच वेळ लागला. आई टाकीजवळ गेली आणि तिथून तिचा जुना, वॉर्डातला आवाज आला.

"टॉर्च कोणी खाली ठेवला? तिचं अजून झालेलं नाही."

"आलो सिस्टर," म्हणत सेक्रेटरी धावले.